समजून-उमजून, अक्कलहुशारीने: शिकागोच्या कोशसंग्रहाबद्दल एका अनुवादिकेचं मत

मी सांगलीत दस्तऐवजांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं, जुने जबाब, पंचनामे. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं की खालच्या मराठी कागदांची इंग्रजी प्रत लागते, आणि ती करणाऱ्यांपैकी मी एक. या कामात जमिनीचे गट नंबर, चतुःसीमा, वारसांची नावं यांनी मला कधी अडवलं नाही. अडवलं ते एका ठरीव वाक्याने. जवळपास प्रत्येक मृत्युपत्रात ते येतं: "हे मृत्युपत्र मी माझ्या राजीखुशीने, समजून-उमजून व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता करून ठेवत आहे."

याचं रूढ इंग्रजी तयार आहे. 'साउंड अँड डिस्पोझिंग माइंड' लिहायचं आणि पुढे जायचं. वकील त्यावर खूश असतात. पण लिहून देणारा माणूस समजून, उमजून, अकलेने आणि हुशारीने अशी एकाच गोष्टीची चार तऱ्हांनी ग्वाही देतो, आणि इंग्रजीत त्याचं मन 'धडधाकट' होऊन संपतं, हे मला सलत राहिलं. हे चार शब्द आले कुठून आणि प्रत्येकाचं वजन किती, हे धुंडाळताना जे साधन सगळ्यात जास्त कामी आलं त्याबद्दल इथे लिहिते आहे.

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे छापील कोश संगणकावर आणून सर्वांना खुले केले आहेत. 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' असं त्या संग्रहाचं नाव. पैसे लागत नाहीत. मराठीचे पाच कोश तिथे शोधता येतात: मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश, श्रीधर गणेश वझे यांचा 1911 चा आर्यभूषण शालेय कोश, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, फलटणला राहून मराठीचं आणि शाळेचं एवढं मोठं काम केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश. यांच्या जोडीला राल्फ टर्नर यांचा सगळ्या भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश आहे, आणि माझ्या मते खरा खजिना तोच.

मोल्सवर्थ मराठी माणसाला नवा नाही. 1831 साली पहिली आवृत्ती, कँडी बंधूंच्या मदतीने; मग 1857 ची वाढवलेली. शब्दापुढे एक अक्षर असतं, ते आधी शिकून घ्यावं: 'एस' म्हणजे संस्कृत, 'पी' फारसी, 'ए' अरबी, 'एच' हिंदुस्थानी. कागदपत्रांच्या भाषेत काम करणाऱ्याला हे एक अक्षर फार उपयोगी पडतं. राजीखुशीतलं 'राजी' अरबी, 'खुशी' फारसी. अक्कलहुशारीतली 'अक्कल' अरबी, 'हुशारी' फारसी. म्हणजे दस्त लिहिणाऱ्यांनी अरबी-फारसीच्या दोन जोड्या बसवल्या आणि मध्ये देशी जोडी ठेवली, समजून-उमजून. इंग्रज वकिलांनीही हेच केलं आहे. 'विल अँड टेस्टामेंट' या जोडीतला पहिला शब्द जर्मानिक घराण्यातला, दुसरा लॅटिन. कायद्याच्या भाषेला एका शब्दावर विसंबायला आवडत नसावं.

मोल्सवर्थचा मला सर्वात आवडणारा गुण असा की तो बोली आणि शिष्ट असा भेद करून शब्द गाळत नाही. शेतातला, बाजारातला, शिवीतला, कवितेतला, सगळे एका रांगेत. कोणता शब्द कवितेत येतो, कोणता खेडवळ, हे तो सांगतो, पण हाकलत कोणालाच नाही. मात्र त्याचं वय लक्षात ठेवावं. आज वर्तमानपत्रात "पोलिसांनी समज देऊन सोडून दिले" असं येतं तेव्हा 'समज' म्हणजे तंबी. असल्या वापरांसाठी इतकं जुनं पुस्तक उघडू नये, तिथे आपल्याच कानावर भरवसा ठेवावा.

महाराष्ट्र शब्दकोश मी रोज उघडते. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 पासून खंडामागून खंड काढले, 1950 मध्ये पुरवणी खंड आला. अर्थ मराठीतच, आकडे घालून वेगवेगळे केलेले, मधूनमधून ज्ञानेश्वरीतला किंवा एखाद्या जुन्या पत्रातला दाखला, आणि शेवटी कंसात शब्दाचं मूळ. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीतून वाचावा लागतो तेव्हा शब्दाची अर्धी चव जाते. इथे ती जात नाही. छापील खंड वाचनालयात बसून चाळण्याचं सुख वेगळं आहे, पण मध्यरात्री, उद्या सकाळी कागद द्यायचे असताना, तोच कोश टेबलावर हजर असणं ही माझ्यासारखीला मोठी सोय आहे.

शोधण्याची एक खुबी सांगून ठेवते, कारण अनेक जण पहिल्याच प्रयत्नात "शब्द नाही" असं पाहून परत फिरतात. जुन्या कोशांत 'समजणे' हा शब्द 'समजणें' असा आहे, डोक्यावर अनुस्वार घेऊन. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. मोल्सवर्थ, वझे आणि दाते हे तिन्ही त्याआधीचे. म्हणून क्रियापदाची शेपटी गाळून फक्त 'समज' किंवा 'उमज' एवढंच टाकावं आणि पुढची यादी डोळ्यांनी पाहावी. या यादीत न मागितलेले शेजारी भेटतात आणि त्यांच्यामुळेच बऱ्याचदा खरा उलगडा होतो.

आता शब्दाकडे. आपल्याकडे 'उमजणे' या क्रियापदाचा मान मोठा आहे. "समजलं, पण उमजलं नाही" असं आपण सहज म्हणतो. खोल कळलं की ते उमजलं, वरवर कळलं की नुसतं समजलं. कवितेत उमजणं येतं, वर्गात "समजलं का रे?" येतं. मीही अनेक वर्षं भाषांतरात हाच भेद धरून चालले. टर्नर वाचल्यावर मात्र 'समजणे'कडे मी फार आदराने पाहू लागले.

टर्नर यांच्याबद्दल दोन ओळी. पहिल्या महायुद्धात ते गुरखा पलटणीत अधिकारी होते. नेपाळी भाषेचा त्यांचा व्युत्पत्तिकोश 1931 चा, आणि भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश 1962 ते 1966 या काळात भागाभागाने लंडनहून निघाला. पुढे शब्दांची सूची त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी केली. आधीचं संस्कृत रूप मथळ्याला, त्याला क्रमांक, आणि खाली त्याची लेकरंबाळं: पाली, प्राकृत, सिंधी, पंजाबी, नेपाळी, बंगाली, हिंदी, गुजराती, मराठी, सिंहली. लेखी पुरावा नसलेलं, अंदाजाने उभं केलेलं रूप असेल तर त्याला तारांकन. हा प्रामाणिकपणा मला फार भावतो. आपल्याकडे व्युत्पत्तीच्या नावाखाली वाटेल ते सांगण्याची खोड आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं जोडून मोकळे.

तर या कोशात 'समजणे' सापडतं ते 'संबुध्यते' या मथळ्याखाली. सम् अधिक बुध्. 'बुध्' या धातूचा मूळ अर्थ जागं होणं. 'सम्' म्हणजे नीट, पुरतं. समजणे म्हणजे पुरतं जागं होणं. ज्या धातूतून 'बुद्ध' आला त्यातूनच आपला हा रोजचा शब्द आला आहे. बोध, बुद्धी, प्रबोधन ही त्याचीच सख्खी भावंडं, फक्त ती संस्कृतातून जशीच्या तशी उचललेली असल्याने ओळखू येतात. समजणे हजार-दीड हजार वर्षं लोकांच्या तोंडून झिजत आलं म्हणून ओळखू येत नाही. जागं होण्याचा अर्थ मराठी कानाला अजून एका ठिकाणी लख्ख ऐकू येतो. कार्तिकी एकादशीला प्रबोधिनी म्हणतात, कारण आषाढीला झोपलेले देव त्या दिवशी उठतात.

ज्यांना "संबुध्यतेचं समजतं कसं होईल?" अशी शंका येईल त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण हे पटवून घेण्यातच मजा आहे. संस्कृतातल्या 'ध्य'चा प्राकृतात 'ज्झ' होतो. हा नियम घरातल्या शब्दांवर ताडून पाहता येतो. संध्या, तिची झाली सांज. वंध्या, तिची वांझ. मध्य, त्याचं मज्झ आणि पुढे माज, म्हणून घराच्या मधली खोली ती माजघर. तसंच संबुध्यतेचं प्राकृत 'संबुज्झइ'. पुढे 'ब' विरला. मधला उकार मात्र अवधी भाषेत बराच काळ टिकला. तुलसीदासांच्या रामचरितमानसात "समुझत सरिस नाम अरु नामी" आहे, तिथे 'समुझत'मध्ये तो 'बुध्'चा उकार अजून बसलेला दिसतो. हिंदीत तो जाऊन समझना झालं. मराठीने शब्दामधला हकारही सोडला, जसा हाथचा हात केला, भूखची भूक केली, सीखनाचं शिकणं केलं, तसा समझचा समज.

एवढ्यावर थांबले असते तरी काम झालं असतं. पण या कोशाची सवय लागली की शेजारच्या भाषेत डोकावल्याशिवाय राहवत नाही. नेपाळीत 'सम्झना' म्हणजे आठवण. आमच्या सोसायटीचे रखवालदार नेपाळचे आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, "हो ताई, घरची सम्झना येते." जो शब्द आपल्याकडे कळण्यापाशी थांबला तो हिमालयात आठवणीपर्यंत गेला. जे पुरतं कळलं ते लक्षात राहतं, असा तो प्रवास असेल का? मला तसं वाटतं. आणि माझा भाचा रशियात डॉक्टरकीला आहे. त्याच्याशी हे बोलत असताना तो म्हणाला की तिकडे गजराच्या घड्याळाला 'बुदील्निक' म्हणतात. 'बुदीत' म्हणजे उठवणं. आपल्या 'बोधयति'चा तो दूरचा सोयरा. एकाच धातूतून रशियात गजराचं घड्याळ, बिहारमध्ये बोधगया आणि आपल्याकडे "समजलं का?"

'कळणे' आणि 'आकलन' यांची जोडीही इथेच लागते. दोन्हीच्या तळाशी 'कल्' धातू: मोजणं, ध्यानात घेणं. 'आकल्'ला तर बांधणं, धरून ठेवणं असाही अर्थ आहे. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला 'आकळणे' ओळखीचं असतं, तिथे तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश काढून बसावं. आजच्या मराठीतला शब्द जुन्या मराठीत त्याच रूपात असला तरी त्याच अर्थाचा असेलच असं नाही, हे तो कोश दर पानावर शिकवतो. ज्ञानेश्वरीचं वाचन करणाऱ्या मंडळांनी हा कोश आवर्जून वापरावा. भाविकांना ओवीचा अर्थ परंपरेने माहीत असतो, पण शब्दाशब्दावर थांबलं की ओवी आणखी उघडते.

आणि हो, 'समंजस' हा 'समज'चा कोणी नाही. मला खात्री होती की असणार. तो संस्कृतातला 'समञ्जस', म्हणजे योग्य, उचित. समज असलेला तो समंजस, असं आपण मनाने जुळवून घेतलं आहे आणि आता अर्थही त्याच बाजूला झुकला आहे. कोश हाताशी असला की अशी खोटी नाती वेळीच ओळखता येतात.

टर्नरच्या कोशाची मर्यादा स्पष्ट आहे: संस्कृत-प्राकृतातून वारशाने आलेले शब्द तिथे मिळतात, अरबी-फारसी मिळत नाहीत. म्हणून अक्कलहुशारीसाठी मोल्सवर्थ आणि दाते यांच्याकडे परत यावं लागतं. अरबीत 'अक्ल'च्या घराण्यातला 'इकाल' म्हणजे उंटाचे पाय बांधायची दोरी. भरकटू न देता बांधून ठेवते ती अक्कल. संस्कृतातल्या 'आकलना'तही बांधणं आहे, हे वर आलंच. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण वाळवंटातल्या आणि गंगेकाठच्या माणसांना कळण्याची क्रिया सारखीच दिसली, याचं मला अजून नवल वाटतं. आणि 'हुशार' म्हणजे 'होशियार': होश असलेला, शुद्धीवर असलेला, सावध. दरबारात "होशियार!" अशी ललकारी होई ती हुशार विद्यार्थ्यांसाठी नव्हे, सावध व्हा म्हणून. शाळेतला पहिला नंबर हा अर्थ त्याला मागून चिकटला.

आता ते मृत्युपत्रातलं वाक्य पुन्हा वाचा. समजून, म्हणजे पुरतं जागं राहून. अकलेने, म्हणजे मन भरकटू न देता. हुशारीने, म्हणजे शुद्धीवर, सावधपणे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 59 नेमकं हेच मागतं: नशेमुळे, आजाराने किंवा अन्य कारणाने आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नाही, त्या अवस्थेत त्याला मृत्युपत्र करता येत नाही. गावातल्या दस्त लिहिणाऱ्याने इंग्रजी कायदा वाचला असो वा नसो, त्याच्या ठरीव वाक्यात त्या कलमाचा सगळा ऐवज आहे. म्हणून ज्या वाक्याला वकील 'छापील मजकूर' म्हणून उडवून लावतात त्याचं मी आता पूर्ण भाषांतर करते, प्रत्येक शब्दाला शब्द देऊन, आणि जिथे परवानगी असेल तिथे तळाला टीप देते. एका मृत्युपत्राच्या वादात पक्षकाराच्या वयोवृद्ध आत्याबाईंनी मला विचारलं होतं, "दादाने समजून-उमजून सही केली हे इंग्रजीत आलंय ना?" साउंड माइंडवर मी त्यांना होकार देऊ शकले नसते.

या कोशसंग्रहाचं एक मला खरोखर महत्त्वाचं वाटतं ते असं की तो एका शब्दाचं एकच उत्तर देत नाही. मोल्सवर्थ म्हणतो ते वझ्यांनी शाळकरी मुलांसाठी आवरून घेतलेलं असतं. दात्यांनी त्याला दाखले जोडलेले असतात, बर्नसनबाईंनी आज बोलतात तेवढंच ठेवलेलं असतं. पाची ठिकाणी तोच शब्द वाचला की त्याच्या आयुष्याचा काळ समोर येतो. शब्दार्थाच्या झटपट उत्तरांना सोकावलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे जड जातं. त्यांनी बर्नसनपासून सुरुवात करावी, तिथे अर्थ थोडक्यात आणि नेमके आहेत.

कमी काय आहे? मराठीतून मराठी असा दात्यांचाच एक कोश आहे, बाकीचे अर्थ इंग्रजीत सांगतात. टर्नरमध्ये तर सगळे मथळे रोमन लिपीत, वरखाली खुणा घातलेले. 'एम' म्हणजे मराठी, 'जी' म्हणजे गुजराती, 'एन' म्हणजे नेपाळी, हे संक्षेप आधी पाठ करावे लागतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या मराठी शिक्षकाला ही दारं तितकीशी उघडी नाहीत, आणि ज्यांना ती सर्वात आधी मिळायला हवीत ते तेच. त्यांनी घरात कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा मराठी व्युत्पत्तिकोश ठेवावा. तो मराठीत आहे आणि जिल्हा वाचनालयांत सहसा असतो. माझी प्रत टेबलाच्या उजव्या हाताला असते, कारण पडद्यावर एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, पण पान उलटताना वाटेत लागणारे शब्द फक्त पुस्तकातच लागतात.

वकिलीच्या विद्यार्थ्यांना, दस्तलेखकांना, भाषांतरकारांना, कीर्तन-प्रवचन करणाऱ्यांना मी हा संग्रह मनापासून सुचवते. घाईत एकच कोश उघडणार असाल तर दात्यांचा उघडा. थोडी सवड असेल तर टर्नरकडे जा, मात्र फोनवर नको. त्या रोमन अक्षरांवरच्या खुणा लहान पडद्यावर एकमेकींत मिसळतात, आणि तिथे एका खुणेने शब्द बदलतो. संगणकावर अक्षर मोठं करून बसा, 'समज'ने सुरुवात करा, मग 'सांज' आणि 'माजघर' बघा.